यजमान झोपला की...

गेल्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी घरातल्या जुन्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वसवला; त्याला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात म्हणे! त्यात २०१५ साली निघालेली 'ओपीएनसेन्स' ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली. नेटवर्क कार्डे दोन: एकातून इंटरनेट आत यायचे, दुसऱ्यातून घरभर जायचे. मधे हा द्वारपाल. आतून कुणी हाक मारली असेल, तर तिचे उत्तर आत सोडायचे. न बोलावता दार ठोठावणाऱ्याला बाहेरच ठेवायचे. मराठीच्या मास्तरालाही हे पटले.

पण एका रात्री वीज वाचवावी म्हणून मी तो संगणकच बंद केला. सकाळी नऊला कन्येची नोकरीची मुलाखत, आणि घरात इंटरनेट नाही! संगणक पुन्हा सुरू केला, तरी पोटातला काही जागा होईना. अखेर रडवेल्या चेहऱ्याने शेजारच्या काकूंकडे बसून तिने मुलाखत दिली.

चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, यजमान झोपला की पहारेकरीही झोपतो!"

आता यजमानाबरोबर पहारेकरीही आपोआप जागा होईल, अशी सोय त्याने केली आहे. जुना राउटरही अडीअडचणीला कपाटात तयार असतो. आणि संगणकाच्या बटणावर माझ्याच हस्ताक्षरात चिठ्ठी आहे: 'हात लावू नये.'

ती माझ्यासाठीच आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.