धक्क्याजवळचा वारा : काइटबोर्डिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूरच्या भवानी पेठेत समुद्र नाही. सरळ रेषेत मोजलं तरी कोकणचा किनारा इथून पावणेतीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. तरीही आमच्या गल्लीतली पोरं हल्ली मला समुद्राबद्दलच प्रश्न विचारतात. कारण एकच, मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ. त्यात समुद्र खवळलेला आहे, पाण्यात लांबवर गेलेला धक्का आहे आणि कमानीसारख्या मोठ्या पतंगाला बांधलेला, पायाखाली फळी असलेला एक माणूस त्या धक्क्यावरून उडून पलीकडच्या लाटांवर उतरतो. पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला, मोरजिमला जाऊन हे काइटबोर्डिंग शिकायचं ठरवलंय. शिकावं, जरूर शिकावं. पण त्यांच्या बोलण्यातून ज्या समजुती कानावर आल्या, त्यांनी माझी झोप उडवली. म्हणून हे लिहितोय.

गैरसमज : हा आपलाच पतंग, फक्त मोठा. अंगावर आलं की दोरी सोडून द्यायची.

गच्चीवरचा पतंग आपण ओढतो. हा पतंग आपल्याला ओढतो. मध्यम वाऱ्यात साधारण वजनाच्या माणसाला जवळपास १२ चौरस मीटरचा पतंग लागतो. आपली साठ बाय नव्वद इंची सोलापुरी चादर साडेतीन चौरस मीटरची. म्हणजे अशा जवळजवळ साडेतीन चादरी एकत्र शिवून वाऱ्यात धरल्या, तर हा पतंग होईल. त्याची पुढची कड हवा भरून फुगवलेली असते, त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. ही कल्पना फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या भावांची. त्यांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

त्याचं कापड आमच्या पेठेतल्या कुठल्याही विणकराला हातात घेऊन पाहावंसं वाटेल. पॉलिएस्टरच्या बारीक सुतात ठरावीक अंतरावर ताण्यात आणि बाण्यात जाड धागा घातलेला असतो. कापडावर चौकटींची जाळी दिसते आणि एखादी चीर पडली तर ती पुढच्या जाड धाग्याशी अडते. वजन मात्र चौरस मीटरला पन्नासेक ग्रॅमच.

आता दोरीचं. वीस ते चोवीस मीटर लांबीच्या चार किंवा पाच दोऱ्या एका आडव्या दांड्याला जोडलेल्या असतात, त्याला बार म्हणतात. ओढीचा भार हातांवर येत नाही, तो कमरेच्या हार्नेसवर येतो. त्यामुळे हात सोडले म्हणून माणूस पतंगापासून सुटत नाही. मात्र हात सोडल्यावर बार पुढे सरकतो, पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि ओढ बरीच कमी होते. घाबरलेला नवखा माणूस नेमकं उलटं करतो. बार घट्ट धरून छातीशी ओढतो आणि पतंगाला आणखी जोर देतो. त्याहून वाईट वेळ आली तर हार्नेसजवळची सुटकेची कळ दाबायची असते. मग पतंग एकाच दोरीवर लोंबकळतो आणि त्यातलं बळ जातं. ही कळ डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करून घेतात, ते या कारणानेच. गच्चीवर कमावलेली सवय इथे उपयोगी पडत नाही, उलट ती मोडावी लागते.

गैरसमज : वारा दुप्पट, तर मजा दुप्पट.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. १५ नॉट म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. या वाऱ्यात सहज सांभाळता येणारा पतंग ३० नॉटच्या झोतात चौपट जोराने ओढतो. म्हणूनच लोक तीन-चार मापांचे पतंग ठेवतात आणि जोराच्या वाऱ्यात लहान पतंग काढतात. खरी भीती सरासरी वाऱ्याची नसते, अचानक आलेल्या झोताची असते. त्यासाठी समुद्रही लागत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यातल्या कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. उन्हाळ्याच्या शेवटी ढग भरून आले की वारा मिनिटभरात कसा रूप पालटतो, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

गैरसमज : आभाळ निरभ्र, वारा मंद, म्हणजे समुद्र शांत.

मला सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबावंसं वाटतं. किनाऱ्यावर फुटणारी लाट तिथल्याच वाऱ्याने उठवलेली असेल, असं नसतं. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला, मोठी वादळं होतात. त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करत आपल्याकडे येतात. वाटेत बारीक लाटा विरून जातात आणि लांब लाटा उरतात. दोन माथ्यांमध्ये १८ सेकंदांचं अंतर असलेली लाट खोल समुद्रात माथ्यापासून माथ्यापर्यंत पाचशे मीटर लांब असते. तिची ऊर्जा ताशी सुमारे पन्नास किलोमीटरने सरकते. म्हणजे सात हजार किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा इकडे पोचायला सहाएक दिवस लागतात. तोवर इथे कडक ऊन पडलेलं असतं आणि झाडाचं पानही हलत नसतं.

ही लाट खोल पाण्यात दिसतही नाही, नाव हळूच वर जाते आणि खाली येते, इतकंच. उथळ पाण्यात तिचा वेग कमी होतो, लांबी आखडते आणि उंची वाढते. केरळात अशा उसळीला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. त्याचा अर्थ चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोनेही हा शब्द स्वीकारला. मे २०२४ च्या सुरुवातीला अशा लाटा येणार, हा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेने आधीच दिला होता. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं समुद्रात ओढली जाऊन बुडाली. इशारा होता, पण पाणी दिसायला साधं होतं.

या लाटा गटागटाने येतात. दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही, मग लागोपाठ चार-पाच मोठ्या लाटा येतात. पाच मिनिटं पाण्याकडे बघून ‘आज काही नाही’ असं ठरवणाऱ्याला नेमक्या त्याच गाठतात. निदान वीस मिनिटं तरी बघत बसावं. काइट हातात असेल तर हे आणखी महत्त्वाचं. मोठ्या लाटेच्या खोलगटात वारा कमी पडतो, दोऱ्या सैल होतात आणि पतंग पाण्यावर पडतो. फुटती लाट त्यावर कोसळली की ती पतंगाला दोऱ्यांसकट गुंडाळून ओढत नेते. त्या ओढीपुढे वाऱ्याची ओढ काहीच नाही.

गैरसमज : धक्क्याजवळ आडोसा असतो, तिथे सुरक्षित.

बोट बांधायची असेल तर खरं आहे. काइटसाठी ही सगळ्यात वाईट जागा. वारा धक्क्यावर किंवा त्यावरच्या इमारतीवर आदळला की पलीकडे भोवरे तयार होतात. अडथळ्याच्या उंचीच्या सातपट अंतरापर्यंत वारा फाटलेला असतो, असा ढोबळ हिशेब धरतात. पतंग त्यात शिरला की कधी निपचित पडतो, कधी झेपावतो.

पाण्याचंही तसंच. उभ्या भिंतीवर आलेली लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेशी मिळते. भिंतीपाशी पाणी मूळ लाटेच्या दुपटीपर्यंत चढू शकतं. मुंबईत मरीन ड्राइव्हला चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड टाकलेत, ते लाटेचा जोर फटींमध्ये मुरवायला. पण त्याच फटींमध्ये माणूस आणि दोरी दोन्ही अडकतात.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावरून दिसतच नाही. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि धक्क्याच्या कडेने त्याला ती आयती मिळते. तिथे आत खेचणारी ओढ तयार होते. अशा ओढीचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, इतका की ऑलिम्पिकचा जलतरणपटूही तिच्याविरुद्ध पोहू शकणार नाही. त्यामुळे ‘मी पट्टीचा पोहणारा आहे’ याला इथे अर्थ नाही. ओढीला भिडायचं नाही. मोकळ्या किनाऱ्यावर तिला आडवं, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडतात. इथे मात्र त्यातली एक बाजू दगडांनी बंद झालेली असते.

आता हे सगळं एकत्र धरा. मोकळ्या पाण्यात चूक झाली आणि पतंगाने शे-दोनशे मीटर फरपटत नेलं, तर नाकातोंडात पाणी जातं आणि शहाणपण येतं. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला पन्नास मीटरवर धक्का असेल आणि ओढ ताशी ३६ किलोमीटरची असेल, तर हातात पाच सेकंद उरतात. समुद्र किती मोठा आणि वारा किती जोराचा, हे प्रश्न नंतरचे. आधी बघायचं ते वाऱ्याच्या पुढे काय आहे. वाळू असेल तर चालेल. दगड, खांब, नांगरलेल्या होड्या, जाळी, माणसं असतील तर पाण्यात उतरायचंच नाही.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा मग बरा, असं एका पोराने लगेच विचारलं. नाही. भूगोलात शिकलेले मतलई वारे पतंगासकट माणसाला खोल पाण्यात नेतात आणि परत आणत नाहीत. शिकायला चांगला वारा म्हणजे किनाऱ्याला तिरका, समुद्रावरून येणारा.

गैरसमज : व्हिडिओतल्या माणसाला जमलं, मग आपल्यालाही जमेल.

इंग्लंडच्या लुईस क्रॅथर्नने २००९ मध्ये वर्दिंगच्या धक्क्यावरून अशी उडी मारली, तेव्हा त्याच्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता. २०१६ मध्ये केप टाऊनच्या उंच उड्यांच्या स्पर्धेत तोच क्रॅथर्न पाण्यावर आपटला आणि काही दिवस कोमात होता. सुदैवाने बरा होऊन तो खेळात परतला. उडीचा व्हिडिओ आमच्या गल्लीपर्यंत येतो, दवाखान्यातले दिवस येत नाहीत. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली हा खेळ प्रथमच आला, तो मार्सेलच्या पाण्यात. त्यात उड्या नव्हत्या, पाण्याखाली पंख असलेल्या फळीवरची शर्यत होती. सिंगापूरच्या मॅक्स मेडरने १७ व्या वर्षी तिथे कांस्यपदक मिळवलं. पोरांना मी त्याचे व्हिडिओ दाखवले. ते बघताना गल्ली पहिल्यांदाच शांत झाली.

राहिलं मोरजिम. तिथे काइट शिकवणाऱ्या शाळा आहेत, किनारा वाळूचा आहे आणि दुपारचे खारे वारे तिरके येतात. दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते, ओहोटीला तिथलं पाणी वेगाने बाहेर जातं, त्यामुळे त्या टोकापासून लांब राहायचं. त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तो राखलेला भागही सोडायचा. आणि वारा तिथे भरवशाचा होतो तो साधारण डिसेंबरनंतर, एप्रिलपर्यंत. दिवाळीत गेलं तर पतंग वाळूवर पसरून बसावं लागेल. हे ऐकून पोरांनी आपसांत बराच वाद घातला आणि बेत महाशिवरात्रीच्या आसपास ढकलला. आता इन्कॉइसचा लाटांचा अंदाज कसा वाचायचा, हे रविवारी शिकवायचं कबूल केलंय.