हाताला काम : उद्यमनगर ते शिरोली

शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये उभी केलेली ही गिरणी कोल्हापुरातल्या कष्टकरी घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार होती. ती गेल्यावर यादवनगर, दौलतनगरातल्या पोरांपुढं मुख्यतः दोन वाटा उरल्या : शिवाजी उद्यमनगरातलं एखादं वर्कशॉप, नाहीतर पंचगंगेच्या पुलापलीकडची शिरोली एमआयडीसी. गेल्या वीसेक वर्षांत या दोन्ही ठिकाणी काम मिळण्याची रीतच पालटली, आणि त्याबद्दल आपल्याकडं फार कमी लिहिलं गेलं.

आधीची रीत साधी होती. उसाला पाणी उपसायचं तर इंजिन हवं, गुऱ्हाळाचा चरक मोडला तर तो दुरुस्त करणारा हवा. या गरजेतून म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी कोल्हापुरात यंत्रं घडवायला घेतली, आणि ऑइल इंजिनांनी हे गाव नावारूपाला आलं. वर्कशॉप म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल आणि मालक स्वतः कामाच्या कपड्यांत. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडकडचा माणूस पोराला घेऊन यायचा आणि ओळखीच्या मेस्त्रीला म्हणायचा, “ह्याला कुठंतरी चिकटवून घ्या.” अर्ज नाही, मुलाखत नाही. पोरगं आधी लोखंडाचा कीस झाडायचं, मग घासकामाला बसायचं आणि बऱ्याच महिन्यांनी लेथला हात लावायचं. पगार तुटपुंजा, पण अडीनडीला उचल मिळायची. खानावळीचं खातं आणि किराणा दुकानाची वही मेस्त्रीच्या शब्दावर चालायची. या व्यवस्थेचं मला कौतुक आहे. पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला ओळख नाही त्याला ती दारातही उभं करत नव्हती, आणि ओळख बहुतेक वेळा भावकीतली, जातीतली असायची.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, इथलं काम मोठ्या मापाचं. कोल्हापूर परिसरात लहानमोठ्या तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे सुटे भाग इथं ओतले जातात. फाउंड्रीत शिरलं की आधी काळी वाळू दिसते : वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी. जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार, या मिश्रणाची मूठ दाबतो, मग तो गोळा मधोमध मोडून बघतो. कडा स्वच्छ तुटली तर ओल बरोबर; गोळा भुसभुशीत सुटला तर आणखी पाणी. ओल जास्त झाली तर चौदाशे अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड साच्यात पडताच वाफ धरते आणि कास्टिंगला भोकं पडतात. आता प्रयोगशाळेत यंत्रं आहेत, तरी ही मूठ सुटलेली नाही. हे ज्ञान कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं आणि त्याचा वेगळा पगारही मिळत नाही.

या फाउंड्र्यांत कामगार आणि मालक यांच्या मधे ठेकेदार आला. २००८ च्या मंदीत गाड्यांची मागणी घसरली, तेव्हा कायम माणूस ठेवणं परवडत नाही हे कारण मालकांना मिळालं. कोकवर चालणाऱ्या कुपोलाच्या जागी विजेच्या भट्ट्या वाढत गेल्या, त्यामुळं वीजदराचा प्रत्येक झटका थेट खर्चात उतरू लागला. पुढं वीजदरावरून कर्नाटकात जाण्याचा इशाराही इथल्या उद्योजकांनी दिला होता. वीजबिल कुणाला टाळता येत नाही, माणूस मात्र कमी करता येतो. ठेकेदाराचा हेल्पर आज या शेडमध्ये, पुढच्या महिन्यात त्या शेडमध्ये. खाडा झाला की पैसे कापले जातात. पीएफ भरला की नाही हे त्याला बऱ्याचदा नोकरी सुटल्यावर कळतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसांचं कोण देणार? वर्षही पुरतं सरलं नव्हतं तोच टाळेबंदी आली. मे २०२० मध्ये कोल्हापूर स्टेशनातून श्रमिक गाड्या सुटल्या. बिहार, उत्तर प्रदेशची पोरं पाठीवर पिशव्या घेऊन निघाली, तेव्हा कोल्हापूरकरांना पहिल्यांदा नीट दिसलं की भट्टीसमोर कोण उभं असतं. त्यांतली कितीतरी परत आली, कारण गावाकडं काहीच नव्हतं.

मालक म्हणतात, माणूस मिळत नाही. इथला बाप म्हणतो, पोराला काम मिळत नाही. माझ्या मते दोघंही खरं बोलतात. पोराला हाताशी धरून शिकवणारा मेस्त्री उत्पादनाच्या आकड्याला बांधला गेला. शिकवण्यात घालवलेला तास त्याच्या हिशेबात तोटा ठरतो. आयटीआय झालेला मुलगा फेटलिंगची, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याची, धूळ सहन करत बारा तास उभा राहायला तयार नाही, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. मास्क, धूळ ओढणारे पंखे, आठ तासांची पाळी आणि हातात ईएसआयचं कार्ड एवढं मिळालं, तर तो का येणार नाही?

तोवर शिरोली आणि नागावच्या भाड्याच्या खोल्यांत बाहेरगावची पोरं एका स्टोव्हवर आळीपाळीनं भात शिजवतात. त्यांतले काही आता स्वतःच मोल्डर झाले आहेत, मूठ दाबून वाळू ओळखतात आणि कोल्हापुरी मराठीत नव्या हेल्परला दटावतात. भरती निघाली की ठेकेदार त्यांनाच विचारतो, आणि ते गावाकडं भावाला फोन लावतात.