आकाशातून पाहताना – भाग ५ : कातळावरचा हत्ती

मागच्या दोन भागांत आपण नियम पाहिले आणि मोकळ्या माळावर उड्डाणाचा सराव केला. आजपासून कॅमेरा. नवा ड्रोन हाती आला की बहुतेक जण तो चढेल तितका वर चढवतात. परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे, मग फोटोही तिथूनच काढायचा, असा जणू दंडक होऊन बसतो. त्या उंचीवरून गाव दिसतं, नदीचं वळण दिसतं, आणि पाच-सहा उड्डाणांनंतर सगळे फोटो एकसारखे दिसू लागतात. छंद इथेच थांबतो. कपाटात पडून राहिलेले कितीतरी ड्रोन असेच तिथे पोहोचलेले असतात.

खाली यायला शिकायचं असेल तर कोकणातल्या कातळशिल्पांसारखा गुरू नाही. रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांतल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं, मासे, हत्ती, गेंडे आणि अर्थ न लागलेल्या भौमितिक आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. त्यांचं नेमकं वय अजून ठरलेलं नाही. ही चित्रं भिंतीवर नाहीत, जमिनीवर आहेत, त्यामुळे शेजारी उभं राहिलं तर रेघा दिसतात, चित्र दिसत नाही. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पायांखाली घालून, गावोगावच्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून ही शिल्पं उजेडात आणली. २०२२ मध्ये यातल्या निवडक स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्या यादीत गोव्यातलं पणसायमळही आहे.

आता उंचीचं गणित. साध्या छंदाच्या ड्रोनचा कॅमेरा सरळ खाली वळवला, तर चौकटीत जमिनीची जेवढी रुंदी मावते ती उंचीच्या साधारण १.४ पट असते. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्या अंगात लहान-मोठ्या अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. हा अख्खा हत्ती चौकटीत घ्यायला किती उंची लागेल? फक्त १५ मीटर. तिथून सुमारे २१ मीटर रुंदी मिळते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४००० पिक्सेल असतात, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण ५ मिलिमीटर दगड. तीन सेंटिमीटर रुंदीची खोबण सहा पिक्सेलांत स्वच्छ उमटते. हाच ड्रोन १२० मीटरवर नेला की एका पिक्सेलमध्ये चार सेंटिमीटरहून जास्त दगड जातो, आणि ती खोबण त्या एका पिक्सेलमध्येच विरून जाते. हत्ती तिथेच असतो, फोटोत मात्र नुसता काळपट माळ येतो.

एक बारकावा लक्षात ठेवा. पडद्यावर दिसणारी उंची ही जिथून ड्रोन उडवला त्या जागेपासूनची असते. तुम्ही सड्याच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडेला उभे असाल तर पडद्यावरचे १५ मीटर शिल्पापासूनचे १५ मीटर नसतात, आणि चढ मोठा असेल तर हे महागात पडू शकतं. शक्यतो शिल्पाच्याच पातळीवरून, पण काही अंतर राखून उडवा, कारण पंख्यांचा वारा सुकं गवत आणि माती थेट खोबणीत लोटतो.

उंची जमली की प्रकाश. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेल्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज अभ्यासकाने दाखवून दिलं की जमिनीवरून न जाणवणारे उंचवटे आणि चर, सूर्य क्षितिजाजवळ असताना वरून सावल्यांमुळे उठून दिसतात. ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ हे त्याचं अलेक्झांडर कीलर यांच्यासोबतचं पुस्तक १९२८ चं. तेच तत्त्व आपल्या सड्यावर लागू पडतं. सूर्य दहा अंशांवर असताना दोन सेंटिमीटर खोल खोबणीची कड ११ सेंटिमीटरपर्यंत सावली टाकू शकते, त्यामुळे अरुंद खोबण पूर्ण काळी भरते. सूर्य साठ अंशांवर आला की तीच सावली जेमतेम सव्वा सेंटिमीटर उरते. सूर्योदयानंतर पाऊण तासाच्या आसपासचा वेळ त्यासाठी राखून ठेवा. मे महिन्यात भर दुपारी तर चित्र दिसतच नाही, आणि सूर्य डोक्यावर असल्याने ड्रोनची स्वतःची सावली बरोबर चौकटीच्या मध्यावर पडते.

पण सकाळचा एकच फोटो पुरत नाही. किरणांना आडवी जाणारी रेघ सावली धरते, किरणांच्या दिशेने जाणारी रेघ नाहीशी होते. हत्तीची सोंड दिसते आणि पाठ हरवते, ती यामुळे. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा प्रकाश एकाच रेषेत येतो आणि पूर्व-पश्चिम रेघा दोन्ही वेळा लपतात. डिसेंबरात मात्र तो आग्नेयेकडे उगवून नैर्ऋत्येकडे मावळतो. सकाळी हरवलेली रेघ संध्याकाळी वर येते. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून दोन्ही वेळा फोटो घ्या आणि शेजारी ठेवून पाहा. कातळशिल्पांसाठी हिवाळा उत्तम तो एवढ्यासाठी.

शिल्प उठून दिसावं म्हणून खोबणीत चुना किंवा रांगोळी भरायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. इतकी वर्षं पाऊस सोसलेल्या दगडाला आपल्या एका फोटोसाठी हात लावण्याचा हक्क आपल्याला नाही. सावली फुकट मिळते, फक्त लवकर उठावं लागतं.

लवकर उठण्याला आणखी एक कारण आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे मंद असतात. दिवस चढला की समुद्राकडून येणारे खारे वारे सुरू होतात आणि उघड्या सड्यावर त्यांना अडवायला झाडही नसतं. २४९ ग्रॅमचा ड्रोन वाऱ्याविरुद्ध परत आणताना बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी असू द्या.

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथे वेगळीच काळजी घ्यावी लागते. तिथल्या शिल्पापाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. ड्रोन जागेवर स्थिर राहतो तो उपग्रहांचे संकेत आणि अंगातलं होकायंत्र यांचा मेळ घालून. तो मेळ बिघडला की यंत्र एका जागी न थांबता गोल-गोल फिरू लागतं. अशा ठिकाणी होकायंत्राची इशारा-सूचना आली तर तिथेच कॅलिब्रेशन करत बसू नका. ड्रोन उचला, दूर जाऊन पुन्हा तपासा, आणि तरीही सूचना गेली नाही तर त्या दिवशी उडवू नका.

उड्डाणक्षेत्राचा नकाशा पाहिल्याशिवाय निघू नये, हे मागे सांगितलंच आहे. रत्नागिरीत तटरक्षक दलाचं विमानतळ आहे, सिंधुदुर्गात चिपीचं विमानतळ आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा ६० मीटरवर येते, त्याच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. बरीच शिल्पं खाजगी जमिनीत आहेत, काही संरक्षित आहेत. जमीनमालकाला विचारा, ग्रामपंचायतीत कळवा, आणि स्थळ संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्या. गावातला माणूस सोबत असला की वाट चुकत नाही आणि शिल्पावर पाय पडत नाही.

या आठवड्याचा सराव घराजवळच करा. शेताची नांगरट, विटांचा ढीग किंवा मैदानावरच्या पुसट चाकोऱ्या निवडा. कॅमेरा सरळ खाली वळवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी १५ मीटरवरून एकेक फोटो घ्या, मग तेच १२० मीटरवरून. पुढच्या भागात असे अनेक फोटो एकावर एक सत्तर-ऐंशी टक्के चढतील असे घेऊन, ते संगणकावर जोडून मोजमाप करता येणारं एकसंध चित्र कसं तयार होतं, ते पाहू.