सही कुणाची, ओटीपी कुणाचा?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलवर लिंक येते: संमतिपत्र वाचा आणि सही करा. समुपदेशकाकडेही पहिल्या भेटीआधी फॉर्म ऑनलाइनच भरून घेतात. कागद हळूहळू मागे पडतो आहे, पण त्याबरोबरचे समज काही जात नाहीत. उलट, त्यांत नव्यांची भर पडते आहे.

सगळ्यांत पक्का समज हा, की ऑनलाइन सही कोर्टात टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे. जिथे कायद्याला सही लागते, तिथे ठरवून दिलेल्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालते, असं त्याचं कलम 5 सांगतं. काही दस्त कायद्याने यातून वगळले आहेत, उदाहरणार्थ मृत्युपत्र. उपचाराचं संमतिपत्र मात्र त्या यादीत नाही.

याचा अर्थ ऑनलाइन केलेली प्रत्येक सही सारख्याच तोलाची असते, असाही नाही. स्क्रीनवर बोटाने गिरवलेली रेघ किंवा सहीचा फोटो काढून पीडीएफवर चिकटवणं, यातून सही कुणी केली आणि नंतर मजकूर बदलला का, हे काहीच कळत नाही. आधारवर चालणाऱ्या ई-साइनचं तसं नाही. त्यात ओटीपी जुळला की त्या एका सहीपुरती डिजिटल किल्ली तयार होते आणि काम झालं की नष्ट केली जाते. तिचं प्रमाणपत्र जेमतेम 30 मिनिटांचं असतं, पण त्या वेळात झालेली सही पुढेही ग्राह्य राहते. सहीनंतर पीडीएफमधला एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी तपासणीत ते उघड होतं.

‘आधारने सही केली म्हणजे माझा रिपोर्ट सरकारने वाचला’ ही भीती पुष्कळांना असते, आणि एचआयव्ही किंवा मानसोपचाराच्या कागदांबाबत ती समजण्यासारखी आहे. प्रत्यक्षात सहीची सेवा देणाऱ्या संस्थेकडे कागद जातच नाही. कागदावरून गणिताने काढलेला एक सांकेतिक आकडा, म्हणजे हॅश, तेवढा जातो. हॅशवरून मूळ मजकूर काढता येत नाही.

डिजिटल सहीचा सातबारा काढणाऱ्यांना पिवळं प्रश्नचिन्ह चांगलंच ठाऊक असेल. रुग्णालयाच्या पीडीएफवर तेच दिसलं की लोक घाबरतात. पण त्यावरून सही खोटी ठरत नाही. बहुतेक वेळा त्या संगणकातल्या पीडीएफ रीडरला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची ओळख नसते, एवढंच. खरी चूक पुढे होते. प्रिंट काढून फायलीला लावायची आणि मोबाइलमधली पीडीएफ पुसून टाकायची! प्रिंटवर उरतं ते सहीचं नुसतं चित्र. पुरावा मूळ पीडीएफमध्ये असतो, म्हणून ती जपायची.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल दोन टोकांचे समज आहेत. त्यावर वैद्यकीय कागद पाठवणं बेकायदा आहे, असं काही जण सांगतात. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अशा माध्यमांतून सल्ला द्यायला परवानगी दिली आहे. ‘ते एन्क्रिप्टेड असतं, काळजी नको’ हे दुसरं टोक. वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही हे खरं, पण फोनवर उतरल्यावर रिपोर्ट गॅलरीत जाऊन बसतो, आणि तोच फोन संध्याकाळी नातवाच्या हातात असतो. लॉगिन मागणारी, ठरावीक मुदतीनंतर बंद होणारी लिंक त्यापेक्षा कितीतरी बरी.

‘फाइल रुग्णालयाच्या मालकीची, ती मिळत नाही’ हे उत्तर अजूनही काउंटरवर ऐकू येतं. रुग्णाला त्याच्या उपचारांचे कागद मिळाले पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात. मानसिक आरोग्याबाबत 2017 च्या कायद्याचं कलम 25 मूलभूत नोंदी पाहण्याचा हक्क देतं. मात्र एखादी माहिती कळल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होण्याची किंवा इतरांना अपाय होण्याची शक्यता असेल, तर तेवढी माहिती राखून ठेवता येते, आणि तसं केल्यास दाद मागण्याचा हक्क रुग्णाला सांगावा लागतो.

सर्वांत महागात पडणारा समज मात्र घराघरात आहे. आईच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो. लिंक मुलाला येते, ओटीपीही त्यालाच, आणि आई शेजारच्या खोलीत असताना तिच्या नावाने सही होऊन जाते. ‘घरचंच तर आहे’ असं सगळ्यांनाच वाटतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं, कागदाच्या काळातलं. एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. जीव वाचवण्याची तातडी नव्हती. रुग्ण सज्ञान होती आणि शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकत होती. अशा वेळी आईची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

हेच ओटीपीला लागू करून पाहावं. कागद बदलला नाही आणि ओटीपी जुळला, एवढंच तंत्रज्ञान सिद्ध करतं. धोके कोणते, दुसरा उपाय कोणता, हे रुग्णाला समजलं होतं का, याची नोंद त्या पीडीएफमध्ये आपोआप होत नाही. ‘सही झाली, आता डॉक्टर सुटले’ हा रुग्णालयांचा समजही म्हणूनच चुकीचा आहे. डॉक्टरांनी फोनवर का होईना रुग्णाशी स्वतः बोलायचं आणि ते नोंदवायचं, मगच लिंक पाठवायची, हा क्रम धरला पाहिजे.

आणि लिंक इंग्रजीत आली तर? रुग्णाला समजेल अशा भाषेत संमती घ्यावी, अशी एनएबीएच या मानांकन संस्थेची अपेक्षा असते. काउंटरवर मराठी संमतिपत्र ठेवणाऱ्या रुग्णालयाला तेच मोबाइलवर पाठवायला काहीच अडचण नसावी. सही करण्याआधी ते मागून घ्यावं.