ऑपरेशनपूर्वीचे साधे इंजेक्शन

दुखण्याच्या भीतीने स्तनातील गाठ लपविणाऱ्या भगिनी मला लोणीत आजही भेटतात. त्यांच्यासाठी हे दोन शब्द.

दात काढताना हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन सर्वांना परिचित आहे. अशीच औषधे छातीच्या नसांजवळ दिली, की ऑपरेशननंतरचे दुखणे कमी होते.

लिग्नोकेनचा दुसरा उपयोग मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाच्या १,५८३ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना ऑपरेशनपूर्वी ७ ते १० मिनिटे ते गाठीभोवती टोचले. पाच वर्षांनंतर त्यांतील ९०.१ टक्के हयात होत्या, इतरांतील ८६.४ टक्के.

म्हणून गाठ लपवू नका. ऑपरेशन ठरल्यास दोन्ही इंजेक्शनांविषयी सर्जनना जरूर विचारा.