पतदुरुस्तीचा सौदा आणि त्याची भरपाई

अमेरिकेत ज्याच्या पत-अहवालावर थकबाकीची नोंद चढली, त्याला गृहकर्ज काय किंवा भाड्याची जागा काय, मिळणे दुष्कर होते, आणि या अगतिकतेवरच दूरध्वनीवरून पत सुधारून देण्याचे आश्वासन देणाऱ्या कंपन्यांचा व्यापार फोफावला. वस्तुतः चुकीच्या नोंदीविरुद्ध ग्राहकाला स्वतःच विनामूल्य तक्रार करता येते, आणि खरी नोंद तर कितीही शुल्क भरले तरी मुदतीपूर्वी पुसली जात नाही. म्हणूनच तेथील दूरविक्री-नियमांचा दंडक असा की, सुधारणा घडून सहा महिने उलटल्यावर काढलेला अहवाल पुराव्यादाखल दाखविल्याखेरीज ग्राहकाकडून छदामही वसूल करू नये. लेक्सिंग्टन लॉ आणि क्रेडिटरिपेअर डॉट कॉम यांच्या समूहाने हा दंडक मोडल्याचा निकाल मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने दिला, आणि ऑगस्टमधील तडजोडीत २.७ अब्ज डॉलरांचा हुकूमनामाही झाला. परंतु तोवर कंपन्यांनी दिवाळखोरीचा आश्रय घेतला होता. (हुकूमनामा हाती आणि तिजोरी रिकामी, हा अनुभव दिवाणी कज्ज्यांत काही नवा नव्हे.) अशा वेळी उपयोगी पडला तो इतर अपराधी संस्थांच्या दंडातून साठविलेला पीडित-साहाय्य निधी: ग्राहक वित्तीय संरक्षण ब्यूरोने डिसेंबर २०२४ मध्ये त्यातून ४३ लाख लोकांना १.८ अब्ज डॉलर, म्हणजे सरासरीने माणशी चारशेंहून अधिक, देण्याचे जाहीर केले, आणि अर्जविनंत्यांची यातायात न घडविता धनादेश टपालाने धाडण्याची व्यवस्था केली.