शाळकरी मुलांचा पुढील मार्ग

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? प्रवेशाची मुदत थोडी असते. मग शेजारचा मुलगा जिकडे गेला तिकडेच आपलाही मुलगा धाडला जातो. मृग निघाल्यावर कोणी नांगरटीस आरंभ करीत नाही. ती उन्हाळ्यातच उरकावी लागते. मुलांच्या भवितव्याची मशागतही आठवी-नववीपासून झाली पाहिजे.

महाराष्ट्रात दर वहिती खात्यामागे १९७०-७१ साली सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या जमिनीवर दोन भावांचे संसार चालणे कठीण. तेव्हा एकाने शास्त्रीय शेती करावी व दुसऱ्याने निराळे कसब मिळवावे, हा विचार वेळीच झाला पाहिजे. मुलीही यातून वगळल्या जाऊ नयेत.

दहावीनंतरचे मार्ग

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ट्रॅक्टर दुरुस्तीचा अभ्यासक्रम १ वर्षाचा व वीजतंत्रीचा २ वर्षांचा असतो. गावोगाव ट्रॅक्टर व विद्युतपंप झाल्यामुळे अशा कारागिरास गावाजवळच काम मिळू शकते. तंत्रनिकेतनातील अभियांत्रिकी पदविका ३ वर्षांची आहे. कृषि विद्यालयांतील पदविकेसही दहावीनंतर प्रवेश मिळतो.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांचा कृषि पदवी अभ्यासक्रम ४ वर्षांचा असून त्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

विषय निवडताना

अकरावीत विषय निवडताना झालेली चूक पुढे सहसा सुधारता येत नाही. समजा, एका मुलीस गाई-म्हशींची आवड आहे व तिला पशुवैद्य व्हावयाचे आहे. तिने जीवशास्त्र घेतले नाही, तर तो मार्ग तिला बंद होतो. कृषि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने गणित सोडून चालत नाही. कला शाखा घेतलेल्या मुलास कृषि पदवीचा प्रवेश मिळत नाही. म्हणून आधी धंदा ठरवावा, मग विषय घ्यावेत.

कागदपत्रे व शुल्क

गुण असूनही दाखल्यावाचून जागा हातची जाऊ शकते. उत्पन्नाचा, अधिवासाचा व जातीचा दाखला लागत असल्यास तो निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यावयाचा असल्यास जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावी-बारावीतच अर्ज करावा.

खर्चाच्या भीतीने मुलींचे शिक्षण थांबवू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत पद्धतीने घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. वसतिगृह व भोजनाचा खर्च मात्र निराळा धरावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांशी विचारविनिमय करून नववीच्या मुलामुलींना काम प्रत्यक्ष दाखवावे. पशुवैद्यकीय दवाखाना, दूध संकलन केंद्र, बाजार समिती व औद्योगिक प्रशिक्षण संस्था ही ठिकाणे त्यासाठी योग्य होत. तेथील माणसास मुलांनी तीन प्रश्न विचारावेत : दिवसभर काय करावे लागते? हे कोठे शिकलात? मिळकत किती व केव्हा होते? पुस्तकातील माहितीपेक्षा ही उत्तरे मुलांच्या मनात अधिक ठसतात.

दिवाळीनंतर पालकांची एक सभा घ्यावी. प्रत्येक घराने मुलासाठी एक मुख्य व एक पर्यायी मार्ग ठरवून तो लिहून ठेवावा. पहिला प्रवेश हुकला तरी वर्ष वाया जाऊ नये, हा त्यातील हेतू.

पालकांनी मुलाचे म्हणणे आधी ऐकावे, मग आपले सांगावे. बियाणे निवडताना शेतकरी आपल्या जमिनीचा पोत पाहतो. शेजाऱ्याचे पीक पाहून पेरीत नाही. मुलाचा मार्ग ठरवितानाही तीच दृष्टी ठेवावी.